भरतीसाहेबाची पुस्तके

फौजेच्या इतिहासात लढाया येतात, सेनापती येतात, तहाची कलमे येतात. त्या लढाईच्या दहा-बारा वर्षे आधी कुठल्याशा तालुक्याच्या गावी पोरांची रांग उभी करून ‘हा घ्या, हा नको’ असे ठरवणारा माणूस मात्र त्यात सहसा येत नाही. त्याला पदके मिळत नाहीत, त्याचे पुतळे होत नाहीत. पलटणीतले त्याचे सोबतीही त्याच्या कामाकडे जरा कमी प्रतीची नेमणूक म्हणूनच पाहत. पण ब्रिटिश हिंदुस्थानात १८९० नंतरच्या पन्नास वर्षांत कुठल्या जातीच्या घरात पेन्शन येणार, कुठल्या घरातले पोर पलटणीच्या शाळेत जाणार आणि कुठल्या गावाचे नाव फौजेशी जोडले जाणार, हे या माणसाच्या वहीत ठरले. त्याच्या कामात नकार हाच मोठा भाग होता, आणि तो नकार एकेका माणसाला नव्हे, सबंध जातीला मिळत असे.

आधी असा अधिकारी नव्हता. मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत भरतीचा रिवाज घरगुती होता. रजेवर गावी निघालेल्या शिपायाला किंवा हवालदाराला सांगितले जाई की येताना दोन-चार चांगली पोरे घेऊन ये. तो आपला भाऊ, भाचा, शेजाऱ्याचा मुलगा घेऊन येई. पलटणीतला साहेब पाहून घेई आणि नाव चढे. त्यामुळे मुंबईची पलटण ही सरमिसळ असे. अवधकडचे परदेशी, कोकणातले मराठे, दख्खनी मुसलमान, महार आणि कुलाब्याकडचे बेने इस्रायल हे सारे एकाच कंपनीत, एकाच रांगेत उभे राहत. बेने इस्रायल समाजातून सुभेदार-जमादार झालेल्यांची संख्या तर त्या चिमुकल्या समाजाच्या मानाने थक्क करणारी होती. शेजारच्या रांगेत कोण उभा आहे हे पाहून कुरकुर करणाऱ्याला मुंबईच्या फौजेत थारा नव्हता, आणि तिच्या अधिकाऱ्यांना त्याचा अभिमान होता. बंगालची फौज जातीचे सोवळे सांभाळत बसली आणि १८५७ ओढवून घेतले, आम्ही तसे केले नाही, असे ते सांगत.

तीस-पस्तीस वर्षांत ही हवा पालटली. रशिया मध्य आशियातून खाली सरकत होता. पुढची लढाई अफगाणिस्तानच्या डोंगरात, युरोपियन शत्रूशी होईल, असे लष्करी मंडळींच्या मनाने घेतले होते. जुलै १८८० मध्ये मैवंदला इंग्रजांचा जो पराभव झाला, त्यात मुंबईच्या पलटणी होत्या. पराभवाची कारणे पुष्कळ होती, पण बोट दाखवायला देशी शिपाई सोयीचा होता. १८८५ साली लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. आधी चार वर्षे ते मद्रासच्या फौजेचे प्रमुख होते आणि तिथेच त्यांचे मत पक्के झाले होते: दीर्घ शांततेने दक्षिणेतला शिपाई नरम पडला आहे, लढावे ते उत्तरेकडच्या लोकांनीच. हेच मत पुढे ‘लढाऊ जमाती’ या नावाने शास्त्र म्हणून मिरवले. मद्रास फौजेतून तेलुगू शिपाई जवळजवळ हद्दपार झाले. मुंबईत सरमिसळ पलटणी मोडून एकेका कंपनीत एकच जात, अशी रचना आली. १८९५ मध्ये तर मुंबई, मद्रास आणि बंगाल या स्वतंत्र फौजाच संपल्या.

आता एक अडचण उभी राहिली. कंपनीत एकच जात हवी, तर समोर उभा असलेला पोरगा त्या जातीचा आहे हे ओळखायचे कसे? इंग्लंडातून आलेल्या विशी-तिशीतल्या कॅप्टनला जाट आणि गुजर, मगर आणि गुरुंग, मराठा आणि कुणबी यांतला फरक काय कळणार? या अडचणीतून भरती अधिकारी ही स्वतंत्र नेमणूक निघाली. एकेका जमातीसाठी एकेक अधिकारी. पलटणीतून काही वर्षांसाठी कॅप्टन किंवा मेजर उसना घ्यायचा, त्याला एखादे ठाणे द्यायचे, हाताखाली त्याच जातीचे हवालदार-नाईक द्यायचे. या व्यवस्थेची गंमत अशी की पंजाबातल्या एकाच जिल्ह्यातून शिखांचा अधिकारी फिरून जाई आणि त्याच्या मागोमाग मुसलमानांचा येई. पहिल्याला शेजारच्या आळीतला धट्टाकट्टा मुसलमान पोर दिसला तरी तो त्याच्या कामाचा नसे.

गोरखपूरचे ठाणे या साऱ्याचा उत्तम नमुना आहे. गुरख्यांची भरती तिथून चाले, कारण नेपाळात पाऊल टाकायची इंग्रज अधिकाऱ्याला परवानगीच नव्हती. काठमांडूच्या रेसिडेन्सीपलीकडचा देश बंद होता. म्हणून साहेब सरहद्दीच्या अलीकडे बसे आणि डोंगरात माणसे पाठवी. त्यांना गल्लावाला म्हणत. पलटणीतलाच जुना गुरखा रजेच्या निमित्ताने आपल्या गावी जाई, पोरे गोळा करी आणि तराईच्या जंगलातून खाली आणी. पसंत पडलेल्या पोरांच्या हिशेबाने त्याला बक्षीस मिळे. एडन व्हॅन्सिटार्ट हा पाचव्या गुरखा पलटणीतला कॅप्टन याच भरतीच्या कामावर होता. समोर येणाऱ्या रंगरुटांना आणि त्यांना घेऊन येणाऱ्या गल्लावाल्यांना प्रश्न विचारून त्याने गुरख्यांच्या कुळांच्या लांबच लांब याद्या तयार केल्या. त्यातून झालेले त्याचे नेपाळवरचे पुस्तक १८९६ साली कलकत्त्याला छापले गेले. त्याला प्रस्तावना होती हर्बर्ट रिस्ले यांची. हेच रिस्ले पुढे १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख झाले आणि जातींची उतरंड सरकारी तक्त्यात बसवू लागले. त्या याद्यांतली बहुतेक गावे कॅप्टनसाहेबांनी कधी पाहिली नव्हती, पाहू शकतही नव्हते. देशाबाहेर बसून देशातल्या माणसांची पारख करण्याचे पुस्तक, आणि त्याला मानवशास्त्राचा शिक्का! पण पुढची कित्येक वर्षे गुरखा कोण, हे त्या पुस्तकाच्या आणि त्याच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्त्यांच्या आधाराने ठरत गेले.

अशी पुस्तके मग एकामागून एक निघाली. फाल्कन या कॅप्टनने १८९६ मध्ये शिखांवर लिहिले. कुठल्या जिल्ह्यातला शीख उत्तम, कुठला बरा, कुठला टाळावा, याची प्रतवारीच त्याने दिली. आपण गव्हाची किंवा तांदळाची करतो तशी. बिंगले या अधिकाऱ्याने शीख, रजपूत, डोगरा, जाट-गुजर-अहीर अशा जमातींवर पुस्तकांची रांगच लावली. तो पुढे मेजर जनरल झाला, ‘सर’ झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारच्या लष्करी खात्याचा सचिव होता. पलटणीतले सोबती या कामाला कमी लेखत असतील, पण जातींची माहिती गोळा करणाऱ्याची बढती त्यामुळे अडली नाही, एवढे यावरून दिसते. मराठ्यांवरचे पुस्तक १९०८ साली आले. ते लिहिले बेथम या ग्रेनेडियर्स पलटणीतल्या कॅप्टनने. नाव ‘मराठाज अँड दख्खनी मुसलमान्स’. इतिहास, कुळे, देवके, सणवार, खाणेपिणे आणि कुठल्या जिल्ह्यात काय मिळेल याची माहिती, असा त्याचा साचा. एखाद्या मराठी माणसाने हे पुस्तक आज वाचायला घेतले तर त्याला मौजही वाटेल आणि अंगावर काटाही येईल. आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टी त्यात आहेत, पण त्या बाजारात बैल पाहणाऱ्याच्या नजरेने नोंदलेल्या आहेत.

भरतीच्या दिवशी मग काय होई? पोरांना उघडे करून उभे करत. उंची मोजत, छाती मोजत. तळहात पाहत, ते नांगराचे आहेत की वहीचे, हे समजावे म्हणून. शिकलेला, शहरातला पोर नको असे. ‘रानातला, न शिकलेला, सांगितले ते ऐकणारा’ हा आवडता रंगरूट. मग नाव, बापाचे नाव, जात, पोटजात, गाव, तहसील. मग उलटतपासणी. तुझे कूळ कोणते, देवक कोणते, लग्न कुठल्या कुळात होते. उत्तर पुस्तकाशी जुळले तर ठीक. हवालदार कानाशी उभा असे, आणि खरी परीक्षा तोच घेई. साहेबाचे ज्ञान हे बहुधा हवालदाराने सांगितलेले ज्ञान असे. आपल्या जातीत कोण मोडते आणि कोण नाही, याविषयी हवालदाराची स्वतःची मते असणारच. ती मते साहेबाच्या सहीने सरकारी झाली.

लोकांनाही हे लवकर उमगले. प्रश्न ठरलेले असले की उत्तरेही पाठ करता येतात. ज्या जातीला मज्जाव होता, तिच्यातली पोरे पसंतीच्या जातीचे नाव आणि कूळ सांगून उभी राहू लागली. हिमालयातून आलेली पोरे गुरुंग-मगरांची कुळे घोकून येत. आमच्याकडे कुणबी आणि मराठा ही सीमारेषा गावात लवचीक होती. सोयरिकीच्या वेळी ती ताणली जाई, एरवी सैल असे. फौजेच्या रजिस्टरात मात्र ‘मराठा’ हाच शब्द चाले, तेव्हा कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या हजारो कुणबी घरांतली पोरे मराठा म्हणूनच दाखल झाली आणि मराठा म्हणूनच पेन्शन घेऊन परतली. पंजाबात याहून पुढची गोष्ट घडली. केस राखणारा शीखच फौजेला हवा होता, म्हणून रंगरुटाला पाहुल घ्यायला लावत. धर्माच्या सीमा पुसट असलेल्या गावांत सरकारी पगाराने त्या ठळक केल्या. भरतीसाहेबाला वाटे की आपण आहे ते नोंदवतो आहोत. प्रत्यक्षात त्याच्या नोंदीबरहुकूम माणसे घडत होती.

यादीत ज्यांना जागाच नव्हती, त्यांच्यापुढे हा मार्गही नव्हता. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कंपनीच्या मुंबई फौजेत महार पहिल्यापासून होते. कोरेगावच्या लढाईत, १ जानेवारी १८१८ रोजी, ते होते. तिथे इंग्रजांनी उभारलेल्या स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि ‘नाक’ ही त्या काळच्या महार नावांची खूण. एवढी तीन पिढ्यांची चाकरी, आणि आता नवा न्याय असा की एका कंपनीत एकच जात, मराठा शिपाई महार सुभेदाराला सलाम करणार नाही, म्हणून महार नको. मुंबईच्या फौजेने ज्या कुरकुरीला सत्तर-ऐंशी वर्षे भीक घातली नव्हती, तिलाच आता धोरणाचा दर्जा मिळाला.

या एका नकाराने काय हिरावले, हे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या घराकडे पाहिले की कळते. ते पलटणीच्या शाळेत शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापक झाले. पलटणीत मुलांना शिकवणे सक्तीचे होते, मुलींनाही. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ होई, त्यांची मुले छावणीत अंकलिपी गिरवत होती. रामजींचा धाकटा मुलगा भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वडील निवृत्त झाले. म्हणजे तो छावणीच्या दाराशी पोचेपर्यंत ते दार त्याच्या जातीला बंद झाले होते. भरतीसाहेबाला न शिकलेला शिपाई आवडे, आणि तीन पिढ्या लिहायला-वाचायला शिकलेले हे शिपाई त्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हते.

ज्यांना नकार मिळाला त्यांनी अर्ज लिहिले. मला वाटते, मराठी गद्यातला हा एक दुर्लक्षित प्रकार आहे. कादंबऱ्या, निबंध, प्रवासवर्णने यांवर आपण बोलतो, अर्जांवर बोलत नाही. गोपाळबाबा वलंगकर हे कोकणातले निवृत्त हवालदार, जोतीराव फुल्यांच्या विचारांचे, ‘दीनबंधू’मध्ये लिहिणारे. दापोलीला महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. तिथे त्यांनी ‘अनार्यदोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली आणि १८९४ मध्ये मंडळीच्या वतीने भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. त्यातला युक्तिवाद असा की महार हे मूळचे क्षत्रिय, दुष्काळात काहीबाही खावे लागले म्हणून खाली ढकलले गेले, आणि त्यांनी सरकारची चाकरी इमानाने केली आहे. आज हा युक्तिवाद वाचताना काहींना अवघडल्यासारखे होते. क्षत्रियत्वाचा दाखला कशाला मागायचा? पण समोरच्या साहेबाच्या हातात कुठले पुस्तक होते ते लक्षात घ्या. त्यात लढाऊ वंशाची वंशावळ पाहिली जात होती. वलंगकरांनी त्या पुस्तकाच्या भाषेतच उत्तर लिहिले.

पुढच्या पिढीने भाषा बदलली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली, ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले आणि १९१० मध्ये थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे, इंग्रजीत अर्ज पाठवला. त्यात पूर्वजांच्या क्षत्रियत्वावर भर नाही. आम्ही ब्रिटिश प्रजा आहोत, फौज आणि पोलीस या चाकऱ्यांवर आमचाही हक्क आहे, आमच्यातले लोक सुभेदार-जमादार होते, आणि कोरेगावचा दगड तुम्हीच उभा केला आहे, असा त्याचा सूर आहे. १८९४ ते १९१०, अवघी १६ वर्षे. विनंतीपासून मागणीपर्यंतचे हे अंतर मराठी समाजाने इतक्या थोड्या काळात आणि इतक्या कमी कागदांवर क्वचितच कापले असेल. उपयोग मात्र झाला नाही. यादी तशीच राहिली.

ती मोडली युद्धाने. १९१४ साली फ्रान्सला गेलेल्या पलटणी काही महिन्यांत विरळ झाल्या आणि मेसोपोटेमियात कूतला सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. माणूस कमी पडू लागला तशी पुस्तके आपोआप मिटली. १९१७ मध्ये जातवार अधिकाऱ्यांची पद्धत गुंडाळून जिल्हावार भरती सुरू झाली. ज्यांना पंचवीस वर्षे ‘लढाऊ नाहीत’ म्हणून परत पाठवले, त्यांना आता घरून बोलावणे आले. मधल्या काळात त्यांच्या रक्तात काय बदल झाला होता, हे कुणी सांगितले नाही. याच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली.

आता भरती अधिकारी हा फक्त लष्करी गणवेशातला माणूस राहिला नाही. कलेक्टर, तहसीलदार, जमीनदार, पाटील सारेच भरतीला लागले. पंजाबात मायकेल ओड्वायर यांच्या कारकिर्दीत गावागावांवर आकडे लादले गेले. देशातल्या एकूण लढाऊ रंगरुटांपैकी सुमारे निम्मे एकट्या पंजाबातले होते, आणि ते सारे खुशीने आले नव्हते. १९१८ च्या सुरुवातीला शाहपूर जिल्ह्यात सक्तीला चिडलेल्या जमावाने एका तहसीलदाराला ठार केले. त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात गांधीजी गावोगाव पायी फिरून रंगरूट मागत होते. ज्या शेतकऱ्यांनी आदल्या सत्याग्रहात त्यांना बैलगाड्या फुकट दिल्या होत्या, ते आता गाडी द्यायला तयार नव्हते, आणि ऑगस्टात गांधीजी आजारी पडले. टिळकांचा हिशेब वेगळा होता. हिंदी माणसाला अधिकारपद मिळण्याचे वचन द्या, माणसे आम्ही देतो, असे त्यांचे म्हणणे. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही तेव्हा ते उठून बाहेर पडले. भरती ही सौद्याची गोष्ट आहे, हे टिळकांना जितके स्पष्ट दिसले तितके इतरांना दिसले नाही. पण त्या सौद्यात महारांची पंचवीस वर्षांची थकबाकी कुणी मांडली नाही.

युद्ध संपले. खर्च कमी करायचा ठरला आणि जुन्या याद्या कपाटातून पुन्हा बाहेर आल्या. १९२१ मध्ये १११ वी महार पलटण मोडली. मराठ्यांच्या पलटणी मात्र मेसोपोटेमियातल्या कामगिरीमुळे पक्क्या झाल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे आज ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, त्यामागे त्या युद्धातले मोठे बलिदान आहे. दुसऱ्या बाजूला महारवाड्यांतून पेन्शनची शेवटची पिढी सरत होती. १ जानेवारी १९२७ रोजी कांबळ्यांच्या पुढाकाराने कोरेगावच्या स्तंभापाशी सभा झाली, तिला डॉ. आंबेडकर होते. इंग्रजांनी विजयाची आठवण म्हणून उभारलेला दगड आता इंग्रजांच्या कृतघ्नपणाचा पुरावा म्हणून वाचला जात होता.

दुसऱ्या महायुद्धात तीच कथा पुन्हा, फक्त या वेळी अर्जदार बदलला होता. जुलै १९४१ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. आपल्या लोकांना ‘फौजेत जा’ असे सांगणारे आंबेडकर स्वतःच एका परीने भरती अधिकारी झाले होते. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर शब्द होता ‘महार’ आणि चित्र होते कोरेगावच्या स्तंभाचे. कांबळ्यांनी लंडनला पाठवलेल्या अर्जातला पुरावा आता शिपायाच्या टोपीवर लावला गेला. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाली आणि पुढे तिच्यात इतर जातींचे जवानही आले. नंतर केव्हातरी बिल्ला बदलला. मशिनगन राहिल्या, स्तंभ काढला, आणि त्याच्या जागी खंजीर आला.